ईएन २४ चा शाफ्ट हार्डनिंग-टेंपरिंग कसा करायचा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोळीकडं लूमचे नायतर साखर कारखान्याचे शाफ्ट, पिना करणाऱ्यांसाठी लिहितोय. ईएन २४ म्हणजे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं स्टील, ताकद आणि लवचिकपणा दोन्ही देतं, पण हार्डनिंग (तापवून झटकन थंड करून कडक करणं) आणि टेंपरिंग (परत कमी तापवून ठिसूळपणा घालवणं) नीट झालं तरच.

आधी रफ मशीनिंग करून घ्या, ग्राइंडिंगला माल ठेवा, की-वेच्या (चावी बसायच्या खाचेच्या) कोपऱ्यांना रेडियस म्हणजे गोलाई द्या, नायतर क्रॅक तिथूनच सुरू होतो बगा. मग ८२० ते ८५० डिग्री सेल्सिअसला तापवा, साधारण २५ मिलिमीटर जाडीला एक तास सोक (त्याच तापमानाला ठेवणं), आणि तेलात क्वेंच, म्हणजे झटकन थंड करा. पाण्यात अजिबात नको, तडकतं. तेल ५० डिग्रीच्या आसपास असू द्या, जॉब तेलात सारखा हलवत रहा.

आता खरं काम टेंपरिंगचं आहे आणि लोक इथंच घाई करतात. जॉब हाताला कोमट लागला की लगेच टेंपरिंगच्या भट्टीत घाला, रात्रभर तसाच ठेवू नका, कारण क्वेंच झाल्यावर स्टीलची जी रचना होते, मार्टेन्साइट, ती कडक पण ठिसूळ असते आणि जॉब आतल्या ताणानं नुसता पडल्या पडल्यापण चिरतो. ६०० ते ६५० ला टेंपर केलं तर टी कंडिशन (ताकदीचा एक ठरलेला ग्रेड), म्हणजे २४८ ते ३०२ ब्रिनेल (हार्डनेसचं माप) मिळते, झटके खाणाऱ्या शाफ्टला हेच चांगलं. हार्डनेस जास्त हवा म्हणून ३०० च्या आसपास टेंपर करू नका, तिथं टफनेस (झटका सोसायची क्षमता) पडतो. हार्डनेस चेक करताना आधी वरची पापडी घासून काढा, नायतर रीडिंग कमी येतं.