ड्रायवॉलच्या सांध्यांना तीन हात

माझे वडील, अण्णा, कराडला गवंडीकाम करायचे. गिलावा ओला असेपर्यंत त्यांचा गुरमाळा थांबत नसे. तीच सवय मी इथे ओहायोत, आमच्या तळघरातल्या ड्रायवॉलवर, म्हणजे कागद लावलेल्या जिप्सम बोर्डांच्या, स्क्रूंनी बसवलेल्या भिंतींवर चालवली आणि पहिली भिंत पुन्हा करावी लागली. सांध्यात भरायच्या लगद्याला इथे मड म्हणतात, मी मालच म्हणते. हा माल घट्ट व्हायला लागला की त्याला हात लावू नका. वरून पट्टी (माल पसरायचं रुंद पातं) फिरवत राहिलात तर सांध्यावरची टेप सरकते आणि रेघा उठतात.

आधी कोरडी पट्टी सगळ्या स्क्रूंवरून फिरवा. टक् असा आवाज आला तर तो स्क्रू वर राहिलाय. अर्धा वळसा आत घ्या, पण बोर्डाचा कागद फाटू देऊ नका. मोठ्या फटी आधी भरून घ्या, त्यासाठी पाण्यात कालवायची, पाऊण तासात घट्ट होणारी पावडर बरी.

सांध्यांसाठी बादलीतला तयार माल घ्या. तो चक्क्यासारखा घट्ट असतो. थोडं थोडं पाणी घालून श्रीखंडाइतका सैल करा. सहा इंची पट्टीने सांध्यावर सलग थर द्या, त्यावर कागदी टेप बसवा आणि मधून कडेकडे दाबत जादा माल काढून घ्या. टेपखाली माल मुळीच उरला नाही तर तिथे फुगा येतो. फुगा आलाच तर तेवढा भाग कापून काढा आणि पुन्हा भरा. जाळीची टेप लावायला सोपी वाटते, पण ती पावडरीच्या मालाबरोबरच वापरा. बादलीतल्या मालावर पुढे तडे जातात.

बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम उतरत्या केलेल्या असतात, म्हणून तिथे टेप खोलगटात बसते. आखूड कडांना तो उतार नसतो. दोन आखूड कडा जुळतात तिथे उंचवटा येणारच, तो लपवायचा तर माल दोन्ही बाजूंना फूटभर पसरत न्यावा लागतो. माझा सगळ्यात जास्त वेळ याच सांध्यांवर गेला. कोपऱ्यात मात्र आज एक बाजू करा, दुसरी उद्या. नाहीतर एक बाजू गुळगुळीत करताना दुसरीवर ओरखडा उठतो.

पहिला हात पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओला माल करडा दिसतो, वाळला की पांढरा होतो. साधारण चोवीस तास पुरतात, पण तळघरात ओल असते, म्हणून मी डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालू ठेवून दोन दिवस थांबले. दुसरा हात दहा इंची पट्टीने, तिसरा बारा इंचीने, दर वेळी आधीपेक्षा रुंद आणि पातळ. मधे उठलेल्या रेघा पट्टीनेच खरवडा. तेवढं केलंत तर शेवटी पॉलिश पेपर फार चालवावा लागत नाही.

दीडशे नंबरचा पेपर पुरे, हलक्या हाताने चालवा. बोर्डाचा कागद खरवडला गेला तर तो रंगाखालीही दिसतो. एन-95 मास्क लावाच, ती धूळ फार बारीक असते. घर जुनं असेल तर जुन्या सांध्यांना मात्र पेपर लावू नका, आधी तपासणी करून घ्या: अशा मालात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) घालायला अमेरिकेत 1977 साली बंदी आली, त्याआधीच्या भिंतींत ते असू शकतं. आमचं घर त्याआधीचं, म्हणून वरच्या मजल्याला मी हात लावला नाही.

रंगाआधी ड्रायवॉलचा प्रायमर द्या. नाहीतर कागद आणि माल रंग वेगवेगळा शोषतात आणि सांधे पट्ट्यांसारखे दिसतात.

प्रायमरच्या आधी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. ते म्हणाले, "दिवे बंद कर आणि बॅटरी भिंतीला लावून धर." तिरप्या उजेडात जिन्याजवळचा एक सांधा उंच दिसला.

"त्याला अजून एक हात दे," ते म्हणाले. दिला.