सॅन फ्रान्सिस्कोवर वाद घालायचा तर आधी विचारा, ‘हे काम कुणाचं?’

भाऊजी बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, आमच्या घरी आले की या शहराचा विषय निघतोच, आणि पाच मिनिटांत चोऱ्या, फुटपाथवरचे तंबू आणि पोलिसांवरचे खटले यांची खिचडी होते. मी आता हट्टानं एकेक प्रश्न वेगळा काढते आणि विचारते, हे काम कुणाचं?

माझ्या गाडीची काच फुटली तेव्हा मीही ‘इथे कुणाला शिक्षाच होत नाही’ म्हणत फिरले. लेकीच्या कार सीटच्या पट्ट्यांतून आठवडाभर काचेचा चुरा निघत होता. पण चोर सापडलाच नव्हता. आरोपीच नाही, तर डिस्ट्रिक्ट अटर्नी (डीए), म्हणजे फौजदारी खटले भरणारा सरकारी वकील, खटला भरणार कुणावर?

समोरचा ‘९५० डॉलरपर्यंत चोरी माफ’ म्हणाला तर तिथेच थांबवा. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१४ मध्ये मंजूर केलेल्या प्रस्ताव ४७ नंतरही तो गुन्हाच राहिला, किरकोळ गटातला, पण सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल असा. टेक्ससमध्ये तर चोरी गंभीर गुन्हा (फेलनी) ठरण्याची मर्यादा २,५०० डॉलर आहे.

बेघरांचं म्हणाल, तर शहराच्या एका रात्रीच्या मोजणीत २०२२ मध्ये ७,७५४ माणसं होती, २०२४ मध्ये ८,३२३. मधेच, जून २०२२ मध्ये, मतदारांनी शहराचे डीए चेसा बुडिन यांना पदावरून काढलं होतं. म्हणजे डीए बदलूनही आकडा वाढलाच. घरभाडं आणि निवारे डीएच्या हातात नसतातच.

आवाज खरे चढतात ते पोलिसांवरच्या खटल्यांवर, म्हणून इथे घाई नको. कुणी ‘क्वालिफाइड इम्युनिटी’, म्हणजे पोलिसांना मिळणारं कायदेशीर संरक्षण, काढली तर सांगा, ती नुकसानभरपाईच्या दाव्यापुरती. फौजदारी खटला तिच्यामुळे अडत नाही. तो अवघड होतो वेगळ्याच कारणांनी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालापासून बळाचा वापर त्या क्षणी तिथे असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून जोखला जातो. शिवाय डीएला रोजच्या खटल्यांत साक्षीला पोलीसच लागतात. बुडिन यांच्या कार्यालयानं लाठीच्या मारहाणीवरून एका पोलिसावर खटला चालवला. मार्च २०२२ मध्ये ज्यूरीनं त्याला तीन आरोपांतून निर्दोष सोडलं, चौथ्यावर एकमत झालं नाही.

भाऊजींच्या मते तो खटलाच आकसानं भरलेला. मी विचारलं, “हाच पुरावा साध्या माणसाविरुद्ध असता, तर खटला भरायला पुरला असता का? आणि पुरला नसता, तर मी माझं म्हणणं मागे घेईन.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वहिनी, त्या मारहाणीचा बॉडीकॅमचा व्हिडिओ पुन्हा लावा.”