ओहोटीच्या वाळूतील कशाभिकाधारी जीव कसे ओळखावेत

समुद्रातील गाळात राहणाऱ्या, कशाभिका म्हणजे चाबकासारखे हलणारे धागे असलेल्या एकपेशीय जीवांची ओळख त्यांच्या आकारापेक्षा चालीवरून लवकर पटते, म्हणून नमुना हाती येताच त्यात फॉर्मॅलिन (जीव मारून टिकवणारे द्रावण) ओतण्याची सवय येथे सोडावी. मेलेल्या पेशी आक्रसून गोल होतात, कशाभिका गळून पडतात, आणि उरतात ते एकसारखे दिसणारे ठिपके.

ओहोटीला उघड्या पडलेल्या पुळणीवरील वरचा अर्धा ते एक सेंटिमीटर थर चमच्याने अलगद उचलावा. त्याखालचा, कुजक्या अंड्यांचा वास येणारा काळा थर वेगळ्या डबीत ठेवावा, कारण तेथे प्राणवायू नसल्याने वस्ती निराळी असते. घरी आल्यावर ही वाळू उथळ बशीत सेंटिमीटरभर जाडीत पसरावी, तिच्यावर लेन्स पुसण्याचा कागद अंथरावा, त्यावर कव्हरस्लिपा (काचेचे पातळ तुकडे) ठेवाव्यात आणि बशी 12 ते 24 तास सावलीत राहू द्यावी. जीव कागदातून वर सरकतात व काचेला चिकटतात, वाळू मात्र खालीच राहते. मग कव्हरस्लिप उचलून काचपट्टीवर पालथी घालावी आणि कडांना व्हॅसलीन लावावे. हे व्हॅसलीन मी बरेच दिवस टाळत असे. पाणी उडून खारटपणा वाढला की पेशी वेड्यावाकड्या होतात, आणि त्या विद्रूप पेशींना मी नवा प्रकार समजून वहीत चित्रे काढली होती.

प्रथम सूक्ष्मदर्शकाच्या 10 पटींच्या वस्तुभिंगाने चाल पाहावी, मग 40 पटींच्या, आणि शक्य असल्यास पारदर्शक पेशी ठळक दाखवणाऱ्या फेज कॉन्ट्रास्टने. चपटी, ताठ पेशी संथपणे सरकत असून पुढची एकुलती कशाभिका काठीसारखी सरळ आणि फक्त तिचे टोक वळवळत असेल, तर तो पेटॅलोमोनास. पेशी सरकता सरकता मध्येच झटक्याने मागे खेचली जात असेल, तर मागे फरफटणारी जाड, लांब कशाभिका शोधावी. ती सापडली की अ‍ॅनिसोनेमा म्हणता येते. पाचेक मायक्रोमीटरचा ऱ्हिन्कोमोनास ओळखायला सर्वांत सोपा आणि पाहायला सर्वांत गमतीचा, कारण त्याचे फुगीर नाक सतत वरखाली हलत असते. तेवढाच, पण चवळीच्या दाण्यासारखा चपटा आणि डावी-उजवीकडे डोलत सरकणारा जीव बहुधा अँसायरोमोनास असतो; त्याची पुढची कशाभिका इतकी बारीक की ती नाहीच असे वाटते.

सोनेरी-तपकिरी रंगाच्या पेशी दिसल्या की डायनोफ्लॅजेलेटांकडे, म्हणजे दोन कशाभिका असलेल्या एकपेशीय जीवांच्या एका गटाकडे, वळावे. अ‍ॅम्फिडिनियमचा पुढचा भाग मोठ्या धडावर बसवलेल्या इवल्याशा टोपीएवढाच असतो, आणि दिव्याच्या उष्णतेने त्याची पेशी डोळ्यांदेखत फुटते, त्यामुळे प्रकाश मंद ठेवावा. प्रोरोसेंट्रम लिमा दोन शिंपल्यांसारख्या झडपांत बंद असतो व मध्यभागी गोल पायरेनॉइड (हरितलवकातील प्रथिनांचा गोळा) ठळक दिसतो. याची ओळख चुकू नये, कारण तो ओकाडाइक आम्ल तयार करतो, आणि ते साचलेले शिंपले-तिसऱ्या खाणाऱ्यास जुलाब होतात.

लहान, रंगहीन जीवांच्या बाबतीत वंशाच्या (पेटॅलोमोनाससारख्या) नावावर थांबावे. प्रजातीसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा डीएनए लागतो. फोनने चालीचे चित्रीकरण करून घ्यावे, लांबी मायक्रोमीटरमध्ये मोजावी, आणि हे सारे आटोपल्यावरच कव्हरस्लिपच्या कडेचे व्हॅसलीन थोडे पुसून तेथून ल्यूगोलच्या (आयोडीनच्या) द्रावणाचा थेंब सोडावा, म्हणजे पेशी थांबतात आणि ज्यांच्या कशाभिका टिकल्या त्यांच्या मोजता येतात.