मूल दत्तक घेताना: कोणता कायदा, कोणता कागद

कोकणात नात्यातले मूल सांभाळायला घेणे नवीन नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या, मूल नसलेल्या काका-काकूंकडे गावातला पुतण्या राहू लागतो, शाळेत त्यांच्याच पत्त्यावर त्याचे नाव घातले जाते आणि पुढे कधीतरी नोटरीसमोर बाँड पेपरवर चार ओळी लिहून सगळे निश्चिंत होतात. त्या मुलाला माया मिळते यात शंका नाही. परंतु तेवढ्या कागदाने दत्तकविधान होत नाही. हे बहुधा पालक वारल्यावर, सातबाऱ्यावर वारस नोंद करण्याची वेळ आली की कळते, आणि तोवर ज्यांची साक्ष उपयोगी पडली असती ती माणसेही राहिलेली नसतात. म्हणून आपल्याला कोणता कायदा लागू होतो, हे मूल घरी आणण्यापूर्वीच ठरवावे.

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ प्रमाणे मूल थेट त्याच्या आईवडिलांकडून घेता येते. समाजातली वेगळी रूढी सिद्ध होत नसेल तर मूल अविवाहित आणि १५ वर्षांच्या आतले असावे आणि आधी कोणाला दत्तक गेलेले नसावे. मुलगा घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला हयात मुलगा किंवा मुलाकडून नातू-पणतू नसावा. मुलगी घ्यायची असेल तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेतल्यास दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. पती-पत्नीची परस्परसंमती हवी आणि जन्मदात्या आईची संमतीही तितकीच हवी. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले म्हणून आईने मान डोलावली, एवढ्यावर कोणी समाधान मानू नये.

या कायद्याचा गाभा म्हणजे मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे. दत्तहोम, म्हणजे दत्तकाचा धार्मिक विधी, झालाच पाहिजे असे नाही, पण देण्याघेण्याचा प्रसंग साक्षीदारांसमोर घडलेला असला पाहिजे. त्याची छायाचित्रे आणि उपस्थितांची नावे जपून ठेवावीत. त्यानंतर देणारे आणि घेणारे या दोघांच्याही सह्यांचे दत्तकपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे. नोंदणी सक्तीची नसली तरी नोंदलेल्या दत्तकपत्रावरून दत्तक कायदेशीर झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोटे ठरवण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर येतो. सामाईक घर आणि आंबा-काजूची कलमे असलेल्या कुटुंबात हा फरक फार मोठा आहे.

परिणामही आधीच समजून घ्यावेत. दत्तकाच्या दिवसापासून मूल जन्मघराचे वारस राहत नाही. मात्र त्यापूर्वीच त्याच्या मालकीची झालेली मिळकत त्याच्याकडेच राहते. जन्मदात्यांचे पालक म्हणून असलेले हक्क संपतात आणि रीतसर झालेले दत्तक पुढे कोणालाही रद्द करता येत नाही. दत्तक आईवडिलांना आपली मिळकत विकण्याचे किंवा मृत्युपत्राने देण्याचे स्वातंत्र्य मात्र उरते, असा उलट करार केलेला नसेल तर.

दुसरा मार्ग बाल न्याय अधिनियम, २०१५ चा, आणि तो सर्व धर्मीयांना खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, त्याआधीच्या बाल न्याय कायद्याच्या संदर्भात, स्पष्ट केले. किनाऱ्यावरच्या मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत आजही बहुधा १८९० च्या पालकत्व कायद्याचाच आधार घेतला जातो. पण ते पालकत्व मूल १८ वर्षांचे होताच संपते आणि त्यातून वारसाहक्क मिळत नाही. नात्यातले मूल घ्यायचे असले तरी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, केअरिंग्ज या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून हा मार्ग धरता येतो; पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमतीही त्यात घेतात. संस्थेतले मूल हवे असल्यास नोंदणी, कागदपत्रे, सामाजिक कार्यकर्त्याची गृहभेट आणि मग प्रतीक्षा असा क्रम असतो. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावीत आणि एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. २०२२ पासून अंतिम आदेश न्यायालय नव्हे, तर जिल्हादंडाधिकारी देतात. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे बेलापूरच्या कोकण भवनात, अपील करता येते.

कोणी दवाखान्यातले नवजात मूल परस्पर द्यायला तयार असेल, तर कितीही कळकळीने सांगितले तरी ते घेऊ नये. पैशाचा व्यवहार झाला तर मुलाची विक्री म्हणून पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि मूलही हातातून जाते. ज्या मातेला मूल सांभाळणे शक्य नाही, तिला बाल कल्याण समितीसमोर ते सोपवता येते आणि निर्णय बदलण्यासाठी तिला ६० दिवस मिळतात. ही मुदत तिचा हक्क आहे. तिच्यावर लवकर सही करण्याचा दबाव कोणीही आणू नये. टाकलेले मूल आढळले तर १०९८ या बालकांच्या मदतक्रमांकावर कळवावे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे वकील मोफत मिळतो. जाताना मुलाचा जन्मदाखला, दोन्हीकडच्या पालकांचे विवाह नोंदणी दाखले आणि आधीचा एखादा बाँड पेपर असल्यास तोही सोबत न्यावा.