साताऱ्यात नवीन आलात आणि ई-बाईक घ्यायचीय? आधी उताराचं बघा

मी परभणीची. नवऱ्याला इथल्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून २०१२ मध्ये साताऱ्यात आलो, त्याच वर्षी कासच्या पठाराला युनेस्कोचा जागतिक वारशाचा शिक्का बसला होता आणि मला वाटलं अख्खं गाव ते फुलं बघायला पळतंय म्हणूनच भाड्याची खोली मिळंना. आता इथलीच झालेय. तरी दरवर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये लातूर-नांदेड-बीडकडचं कुणीतरी नवीन येतं आणि महिन्याभरात एकच प्रश्न विचारतं, वहिनी, इलेक्ट्रिक घेऊ का, कुठली घेऊ. तोंडी सांगून कंटाळले म्हणून एकदा लिहूनच काढते.

पहिली गोष्ट, तुमच्या डोक्यात जो रस्ता आहे तो विसरा. आमच्या परभणीत चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल, तेवढाच. इथं जुनं गाव अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलंय, त्यामुळे पोवई नाक्यावरून राजपथाने राजवाड्याकडे निघालं की चढ, तिथून समर्थ मंदिराकडे आणखी चढ, आणि पेठांमधल्या बोळांत तर काही ठिकाणी सायकल ढकलतानासुद्धा दम लागतो. आणि जे चढलं ते उतरायचंय पण, हे दुकानात कुणी सांगत नाही. सगळे एका चार्जिंगमध्ये किती जाते तेवढंच विचारतात. मी पण तेच विचारलं होतं.

आता बाजारात ई-बाईक म्हणून तीन वेगवेगळ्या वस्तू विकतात आणि नवीन माणसाचा घोळ इथंच होतो. एक, पॅडलवाली ई-सायकल, जिला मोटार मदत करते. दोन, स्कूटरसारखी दिसणारी कमी वेगाची गाडी, जिला पासिंग लागत नाही. आणि तीन, नंबर प्लेटवाली खरी स्कूटर, हिरव्या पाटीवर पांढरे आकडे असतात ती, चेतक, आयक्यूब, एथर वगैरे. पहिल्या दोघींना लायसन्स नाही, पासिंग नाही, इन्शुरन्सची सक्ती नाही, पण कधी? मोटार २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच, आणि त्या मॉडेलला एआरएआय किंवा तसल्या मान्य संस्थेचं अप्रूव्हल असेल तरच. एआरएआय म्हणजे गाड्या तपासून पास करणारी संस्था, पुण्यातच आहे, लांबची गोष्ट नाही. तर दुकानदाराकडून त्या सर्टिफिकेटची कॉपी मागा. मला एका दुकानात सांगितलं होतं की ताई ही बिना लायसन्सची, आणि वरून डोळा मारून, वायर काढली की पंचेचाळीस पळते. मला तेव्हा लय भारी वाटलेलं. नंतर कळलं की वेग अडवणारी ती वायर काढली की ती सवलतीतली गाडी राहतच नाही, मग ती बिना पासिंगची, बिना इन्शुरन्सची मोटारसायकल झाली, आणि उद्या कुणाला धडकलात तर सगळं तुमच्या अंगावर. नशीब, नवऱ्याने घेऊ दिली नाही.

कुणी काय घ्यावं? रोज एमआयडीसी किंवा कोरेगाव रोडला जायचं असेल, मागे माणूस बसवायचं असेल, तर सरळ पासिंगवाली स्कूटर घ्या. पैसे जास्त जातात, थर्ड पार्टी इन्शुरन्सही पाच वर्षांचा घ्यावाच लागतो, पण पीयूसीची कटकट नाही. बाजार, शाळा, क्लास एवढंच असेल तर ई-सायकल पुरते, मी तीच वापरते. मधली कमी वेगाची स्कूटर मात्र साताऱ्यात मला पटत नाही. दोन माणसं बसवून राजपथ चढायला लागली की ती रडते, आणि स्वस्तातल्या गाड्यांना लेड-ॲसिड बॅटरी असते, वजनाला धोंडा आणि दोन वर्षांत मान टाकते. सपाट गावात चालत असेल. (बाय द वे, याच साताऱ्यात एकेकाळी महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची. जुन्या लोकांसमोर स्कूटरचा विषय काढायचा असेल तर अर्धा तास हाताशी ठेवा.)

थोडं गणित सांगते, घाबरू नका. सायकलची बॅटरी साधारण ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची असली तर गुणाकार करा, ३६० वॉट-अवर झाले, म्हणजे बॅटरीत एवढी वीज मावते. तुम्ही, सायकल आणि पिशवी मिळून नव्वद किलो धरा. एवढं वजन शंभर मीटर उंच न्यायला नुसत्या उंचीचेच पंचवीस वॉट-अवर जातात, मोटार तापण्यात जातात ते धरून पस्तीस. म्हणजे रोज एवढा चढ दोनदा चढलात तर बॅटरीचा पाचवा हिस्सा पुढे सरकायच्या आधीच गेला. कंपनी जी रेंज छापते ती सपाट रस्ता, हलका माणूस आणि मंद वेग धरून. मी सरळ सांगते, छापलेल्याच्या साठ टक्के धरा आणि त्यात तुमचं रोजचं जाणं-येणं बसतंय का बघा.

आणि २५० वॉट म्हणजे काही जादू नाही. शंभर मीटरला आठ मीटर वर जाणारा चढ असेल तर नुसत्या मोटारीवर ती ताशी आठ-नऊ किलोमीटरनेच चढणार, म्हणजे शेजारून पळणारं पोरगं पुढे जाईल. मागच्या चाकात बसवलेली हब मोटार असल्या हळू चढाला तापते पण. म्हणून पॅडल मारायचंच, गिअर असलेली सायकल घ्या आणि चढाच्या आधी खालचा गिअर टाका, चढाच्या मध्ये नाही. सेन्सरचं पण विचारा. स्वस्तातल्या सायकलीत पॅडल फिरतंय का नाही एवढंच कळतं, त्यामुळे अर्धा फेरा झाल्यावर एकदम धक्का बसतो आणि पाय थांबले तरी ती क्षणभर ढकलतच राहते. मोती चौकाच्या गर्दीत पुढे म्हातारीबाई आणि मागून असा धक्का, बघा म्हणजे. टॉर्क सेन्सरवाली पायाच्या जोराप्रमाणे मदत करते, महाग असते पण चालवायला सायकलच वाटते.

टेस्ट राइड दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. तुमच्या घरचा जो सगळ्यात वाईट चढ असेल तिथं न्या, पाठीला भरलेली सॅक लावून, आणि मध्येच थांबून परत सुरू करा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. मग वळा आणि तोच रस्ता उतरा.

आता ब्रेक. हे नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

ई-सायकल वीस-पंचवीस किलोची असते, साध्या सायकलीच्या जवळपास दीडपट, त्यामुळे उताराला ती तुम्हाला ओढत नेते. रबरी गुटक्यांचे रिम ब्रेक पावसात चाक एक-दोन फेरे फिरून पाणी निपटून जाईपर्यंत धरतच नाहीत, आणि इथला पाऊस म्हणजे आपल्याकडच्यासारखा तासभर कोसळून गेला असला नाही, आठ-आठ दिवस रिपरिप चालूच. म्हणून दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक घ्या, आणि ब्रेक दाबला की मोटार बंद होते का ते स्टँडवर उभी करून मागचं चाक फिरवून बघा. पण नुसत्या डिस्कने पण भागत नाही, ते मला माझ्या गुडघ्याने शिकवलंय. जुलै महिना, साखळी करकरत होती म्हणून मी शहाणपणा करून घरातलं खोबरेल तेल ओतलं, चांगलं सढळ हाताने. सकाळी समर्थ मंदिराकडून खाली निघाले, हँडलला दुधाच्या दोन पिशव्या. पहिल्या वळणाला मागचा ब्रेक दाबला तर काहीच नाही, दांडी हँडलला टेकली आणि सायकल आपली मजेत चाललीय. तेल उडून मागच्या डिस्कवर बसलं होतं. घाबरून पुढचा एकदम आवळला, ओला रस्ता, झालं, मी एकीकडे आणि दूध एकीकडे. एक वडापवाला थांबला (वडाप म्हणजे आपली काळीपिवळी, हा शब्द पहिल्या दिवशीच शिका), त्याने सायकल उचलून दिली आणि पांढऱ्या ओघळाकडे बघत म्हणाला, चहाचं वांदं झालं की ताई. सायकलवाल्याने डिस्क स्पिरिटने पुसली, पॅड बदलले आणि एवढंच बोलला, साखळीला तेल थेंबाथेंबाने घालतात, आणि वरचं फडक्याने पुसतात. तेव्हापासून मी दोन्ही ब्रेक मिळून, थोडे थोडे, वळणाच्या आधी मारते, वळणात नाही. आणि हँडलला पिशवी लावत नाही, मागे कॅरिअरला क्रेट बांधलाय.

बाकी सामान. हेल्मेट सायकलला कायद्याने लागत नाही, तरी घाला, आणि स्कूटर असेल तर आयएसआय मार्कचंच, आत आयएस ४१५१ लिहिलेलं असतं ते, रस्त्याकडेला टोपल्यात मिळतं ते नाही. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल. पुढे पांढरा लाइट, मागे लाल, तो लुकलुकणारा घेतला तरी चालेल, पण सायकलच्याच बॅटरीवर चालणारा असेल तर बॅटरी संपल्यावर लाइट पण जातो, म्हणून मागचा एक वेगळा सेलवरचा लावा. चाकांच्या तारांना रिफ्लेक्टर, कारण चौकात आडवे जाताना तुम्ही बाजूने दिसायला हवं. उजव्या बाजूला आरसा लावाच. सायकलवाले लोक याला हसतात, हसू द्या, मागून एसटी येतेय हे मान न वळवता कळलं पाहिजे. मडगार्ड पूर्ण लांबीचं, नाहीतर पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रांगोळी. रेनकोट शर्ट-पँटचा घ्या, झग्यासारखा नको, तो वाऱ्याने फुगतो. ओढणी, साडीचा पदर खोचून, आणि मागच्या चाकाला साडी गार्ड. कुलूप चांगलं जाड, बॅटरीची किल्ली वेगळी ठेवा.

पंक्चरचं एक लक्षात ठेवा. हब मोटार मागच्या चाकात असली की ते चाक असं सहज निघत नाही, वायरचा जोड सोडायचा, मोठे नट काढायचे, बहुतेक १८ चा पाना लागतो, तो पिशवीत ठेवा. चौकातला साधा पंक्चरवाला वायर बघून हात झटकतो. घेतानाच दुकानदाराकडून एकदा चाक काढून-बसवून दाखवून घ्या आणि मोबाइलवर शूट करा.

चार्जिंग. भाड्याने राहत असाल तर हा खरा कळीचा मुद्दा. आमच्या घरमालकीणकाकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, गाडी लावली तर लाइटबिल वेगळं. मी त्यांना गणित करून दाखवलं की माझी ३६० वॉट-अवरची बॅटरी पूर्ण भरायला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही. विश्वास नाही बसला. महिनाभर त्यांनी कॅलेंडरवर, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी, मी चार्जिंग लावलं की पेन्सिलीने एक रेघ मारली, आणि महिन्याच्या शेवटी रेघा मोजून स्वतःच म्हणाल्या, यापेक्षा तुमची मिक्सरची चटणी महाग पडते. स्कूटर असेल तर मात्र तीन-चार युनिट एका वेळेला धरा, ते आधीच बोलून घ्या.

चार्जर कंपनीचाच. भिंतीतल्या अर्थिंगवाल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन बोर्डला नाही. चढ चढून आल्या-आल्या लावू नका, बॅटरी अर्धा तास गार होऊ द्या. आणि जिन्यात, दाराजवळ चार्जिंगला लावू नका हो, काही पेटलंच तर बाहेर पडायची तीच एक वाट असते. रात्रभर लावून झोपायची सवय पण नको. बॅटरी काढता येणारी घेतली तर तिसऱ्या मजल्यावर फक्त तेवढीच न्यायची, सायकल खाली. धुताना प्रेशरचा पाइप मोटारीवर आणि डिस्प्लेवर मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसा.

रस्त्यांचं थोडक्यात. हायवेवर ई-सायकल घालू नका, वाढे फाटा किंवा शेंद्र्याकडे जायचं तर सर्व्हिस रोड धरा. पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालून जाणारा भुयारी रस्ता, २०२१ पासून सुरू आहे, पण उन्हातून आत शिरताना क्षणभर डोळ्यांना काही दिसत नाही आणि मागच्यालाही तुम्ही दिसत नाही, म्हणून दिवसासुद्धा लाइट चालू, नाहीतर वरूनच जा. कासच्या वाटेवरचा यवतेश्वर घाट पहिल्या वर्षी तरी ई-सायकलने करू नका. वर जाल हो, पण पावसात धुकं आलं की समोरची गाडी दहा फुटांवर आल्यावर दिसते, आणि उतरताना ब्रेक एवढे तापतात की वास येतो. कासला जायचंच तर एसटीने जा.

आणि हे खास आपल्या गावाकडच्या लोकांसाठी, कारण आपण दिवाळीला पंधरा-पंधरा दिवस गावी जातो. जाताना बॅटरी फुल करून ठेवू नका आणि पूर्ण उतरवून तर मुळीच नाही, निम्म्याच्या थोडी वर ठेवा, सायकलीतून काढून घरात थंड जागी. मी पहिल्या वर्षी फुल करून, सायकलला तशीच लावून, किल्ली काकूंकडे देऊन गेले होते. परत आले तर बॅटरी पूर्ण रिकामी, चेन उतरलेली आणि काकूंचा नातू मला जिन्यात बघून दुसऱ्या मजल्यावरूनच मागे फिरला.