पावसात गारठलेलं, खंगलेलं करडू कसं सांभाळावं

कोकणात करडं दगावतात ती बहुतेक आषाढ-श्रावणाच्या झडीत. भिजलेलं, बरगड्या दिसणारं करडू गोठ्याच्या कोपऱ्यात मान टाकून पडलेलं दिसलं की आपण आधी दुधाची बाटली शोधतो. मीही तेच केलं होतं आणि करडू संध्याकाळपर्यंत गेलं. गारठलेल्या पोटाला दूध पचत नाही, म्हणून आधी ऊब द्या, मग दूध.

तोंडात बोट घालून बघा. आतून गार लागलं, तर ते करडू अजून दूध घेण्याजोगं नाही. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप बघा. निरोगी करडाचा ताप साधारण 102 ते 103 अंश फॅरेनहाइट असतो. 100 च्या खाली असेल तर तासभर फक्त शेक द्या. जुन्या लुगड्याने अंग खसखसून कोरडं करा. खाली पेंढा, वर गोणपाट आणि दोन्ही कुशींना फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवा. चुलीजवळ ठेवलंत तरी धुरात नको, छाती भरते.

तोंड उबदार झालं आणि बोट चोखायला लागलं की दूध द्या. दूध अंगाइतकंच कोमट हवं. करडाला उभं धरा, मान आचळाखाली असते तेवढीच वर. चोखत नसेल तर घशात ओतू नका; दूध फुफ्फुसात जातं. अशा वेळी डॉक्टरच हवा. चार किलोच्या करडाला दिवसाला 400 ते 600 मिली दूध लागतं, पण पहिल्या दिवशी त्याच्या निम्मंच, पाच-सहा वेळा विभागून द्या. ढाळ लागली असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून मधूनमधून पाजा.

आता खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढा. आतली कड लालसर गुलाबी हवी. ती पांढरीफटक असेल, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज असेल, तर बहुधा रक्त पिणारे जंत आहेत. गोचीड-पिसवांनीही अशीच पांढुरकी दिसते, म्हणून केसही उलटून बघा. जंताचं औषध वजन करूनच द्या, अंदाजाने नको. लेंडीऐवजी रक्ताळ पातळ हगवण असेल, तर तो कॉक्सिडियाही (आतड्यात वाढणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी) असू शकतो. त्यावर जंताचं औषध चालत नाही, म्हणून ताजी लेंडी डबीत घालून दवाखान्यात न्या. धाप, नाकातून शेंबूड किंवा ढोलासारखं फुगलेलं पोट दिसलं तर वाट बघू नका, जनावरांच्या डॉक्टरी मदतीसाठी असलेल्या 1962 या नंबरवर फोन करा. तोंडात फोड येऊन हगवणही असेल तर करडू लगेच कळपातून वेगळं काढा.

महिन्याहून मोठ्या करडासमोर फणसाचा पाला तोंडाच्या उंचीवर टांगा. जमिनीवर टाकलेला पाला लेंड्यांत मिसळतो आणि तिथूनच जंत परत पोटात जातात. ओलं गवत देऊ नका. मायेपोटी शिळा भात तर मुळीच नको. पोट आंबून धडधाकट जनावरही मरतं. झोपायला जमिनीपासून दीड-दोन फूट वर पोफळीच्या पट्ट्यांचा माच करा. पट्ट्यांमधून लेंडी खाली पडावी, पण करडाचा पाय अडकू नये, एवढीच फट ठेवा.

झोपेतून उठल्यावर करडू पाठ ताणून आळस देतंय का, ते रोज सकाळी बघा. ज्या दिवशी देईल, त्या दिवसापासून दूध वाढवायला हरकत नाही.