पिशवीतलं पाणी वाचायला शिका

माझ्या मुलाच्या लघवीच्या मार्गात जन्मतःच पडदा होता. ऑपरेशन झालं, तरी सातव्या वर्षी दोन्ही किडन्या थकल्या. माझी किडनी द्यायच्या तपासण्या चालू आहेत. तोवर घरीच पोटाचं डायलिसिस, दिवसातून चार वेळा: पिशवीतलं औषधी पाणी नळीने पोटात भरायचं, काही तासांनी ते रक्तातली घाण घेऊन रिकाम्या पिशवीत उतरवायचं. नव्याने शिकणाऱ्या आईबापांसाठी लिहितेय. पाणी किती भरायचं, कुठल्या ताकदीचं, हे डॉक्टरांचं काम. त्यात आपलं डोकं चालवायचं नाही.

पंखा बंद, खिडक्या बंद, दाराला कडी. मास्क तुम्हालाही, लेकरालाही. बांगड्या-अंगठी काढून साबणाने हात धुवा, नीट कोरडे करा. पिशवी गरम पाण्यात बुडवू नका, कोरडी ऊब द्या. आधी जुनं पाणी उतरवायचं, मग नवं चढवायचं. नळीचं टोपण दर वेळी नवंच.

उतरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवा. पाणी फिकट पिवळं हवं आणि खालची बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. आमचा मुलगा क्रिकेटचं पान पुढे करतो नि स्वतःच वाचून दाखवतो.

गेल्या गौरींच्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसलं. ताप नव्हता, पोट दुखत नव्हतं, घर पाहुण्यांनी भरलेलं. सकाळी बघू म्हटलं. पहाटे तो गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता. पोटात इन्फेक्शन झालं होतं; अकरा दिवस दवाखान्यात काढले. ती रात्र मी अजून विसरले नाही. पाणी गढूळ दिसलं की वाट बघू नका, मध्यरात्र असली तरी निघा. आणि ती पिशवी फेकू नका, सोबत न्या. तपासायला तेच पाणी लागतं.

पिशवी ताणकाट्यावर तोलून रिकाम्या पिशवीचं वजन वजा करा, वहीत लिहा. आम्ही 700 मिली भरतो. 780 निघालं तर 80 मिली जादा पाणी अंगातून गेलं. भरल्यापेक्षा कमी निघालं तर आधी नळी दुमडलीय का बघा, मुलाला कुशीवर वळवा. बद्धकोष्ठ असलं तरी निचरा अडतो. तरीही कमीच येत राहिलं, किंवा डोळ्यांखाली सूज दिसली, तर दवाखान्याच्या डायलिसिस युनिटला फोन लावा.

या पाण्याबरोबर प्रथिनंही जातात. म्हणून आमच्याकडे आहारतज्ज्ञांना विचारून रोज एक उकडलेलं अंडं असतं, बिनमिठाचं, वर मिरपूड.